जसे आहे, जिथे आहे

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी
मी आणखी दोन हजारांनी वर गेले
आणि समोरचा गप्प झाला.
हृषी ओरडला, मावशी, लागली!
जशी काही लॉटरी.
मोबाइलवर हिरव्या पट्टीत माझा नंबर,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बावीस कलमं.
आधी वाचायला हवी होती.
इस्त्री तापत होती, राहून गेलं.

बोली मागे घेता येणार नाही.
पंचवीस टक्के उद्या पाचच्या आत,
उरलेली सात दिवसांत,
नाहीतर अनामत जप्त, नाव काळ्या यादीत.
मी, आणि काळ्या यादीत!
जन्मभर लोकांचं पांढरं धुतलं.
भिशी उचलली. दोन पाटल्यांतली एक मोडली.
दुसरी आहे हातात,
वाजत नाही आता, वाजायला कुणी लागतं.

कलम नऊ : वाहन जसे आहे, जिथे आहे.
जिथे आहे म्हणजे मानखुर्दला, खाडीच्या अंगाला,
दीडदोनशे गाड्या उन्हात,
काचांवर खडूने आकडे, जसे बकऱ्यांच्या पाठीवर.
माझा छोटा हत्ती मागच्या रांगेत,
चाकांतून घाणेरी उगवलेली.
बॅटरी नव्हती. स्टेपनी नव्हती.
फोटोत होती, मी म्हटलं.
यार्डाचा इक्बाल वहीतून मान वर न करता,
फोटो बघून लग्नं होतात ताई,
तक्रार कुठे करता येते?
आणि आठव्या दिवसापासून भाडं, रोजचे दीडशे.
क्रेनवाल्याचे वेगळे.
ओढत आणली वडाळ्याला, पुढची दोन चाकं हवेत.

कलम चौदा : ताब्यापूर्वीचे सर्व दंड खरेदीदाराच्या माथी.
हृषीने गाडीचा नंबर घातला.
सतरा निघाले.
प्रत्येकाला फोटो, तारीख, वेळ, जागा.
शीवला सिग्नल तोडलेला, पहाटे चार चाळीस.
माहीमला प्रवेश बंद असताना घुसलेला.
मग परळ. इस्पितळाचं दुसरं गेट. गाडी लावण्यास मनाई.
परळ. पुन्हा परळ.
ऑगस्टात चार, सप्टेंबरात चार,
ऑक्टोबरात सात.
एका फोटोत मागच्या हौद्यात गादी टाकलेली,
गादीवर कुणीतरी बसलेलं, लहानखुरं,
डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.
नोव्हेंबरपासून गाडी कुठेच चुकली नाही.

हृषी म्हणाला, थांब, लोकअदालत लागेल,
निम्म्यात सुटतात.
नाही थांबले.
एकेक करून भरले, रात्री, दुकान आवरल्यावर.
शीवचा आधी. मग माहीमचा.
ऑक्टोबरातला सहावा भरताना
सर्व्हर बंद पडला, पैसे दोनदा गेले.

आरटीओत खिडकी चार, मग सात, मग परत चार.
जुन्या मालकाच्या रकान्यात मोरेश्वर तांडेल.
नव्या मालकाच्या रकान्यात मी,
सही चौकटीबाहेर गेली म्हणून
पुन्हा नवा फॉर्म.
तिथल्या बाईने शिक्का मारला
आणि तांडेल खोडला गेला. आडव्या एका रेघेने.

पहिली फेरी धर्मशाळेची, चौऱ्याऐंशी चादरी.
गाडी मीच चालवत होते,
लायसन्स बेचाळिसाव्या वर्षी काढलंय, चालवते बरी.
दुसऱ्या गेटाशी वॉचमनने काठी उगारली,
मग गाडी ओळखून खाली घेतली.
खिडकीशी आला.
तांडेल नाय आले?
गाडी मी घेतली, म्हटलं.
ते दिसतंय, म्हणाला.
पोरगी कशीय त्यांची?

बावीसच्या बावीस कलमं मनात उलथीपालथी केली.
यावर एकही नव्हतं.
मागून बस हॉर्न देत होती.
तो काठी काखेत धरून उभा,
जसा रोज कुणाची तरी खबर ऐकूनच
ड्युटी संपवत असावा.

चार दिवसांनी अठरावा आला. माझ्या नावावरचा पहिला.
फोटोत गाडी, गेट, काच खाली घेतलेली मी,
त्याच्याकडे वळून काहीतरी सांगतेय.
तोंड उघडं दिसतं.
काय सांगितलं, ते फोटोत येत नाही.
पाचशे होते.
भरले.