प्रात्यक्षिक क्रमांक तीन

मी शिकवत नाही. मी पापुद्रे काढतो.
दिंडोरी रोडच्या या शाळेत बावीस वर्षं
प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे,
पुस्तक पगार सरांकडे.

कांदा मीच आणतो, घरून.
लासलगावचा, घट्ट, जरा जुना;
नव्याचा पापुद्रा हातात फाटतो.
पाकळी मोडायची, आतल्या अंगानं चिमट्यानं ओढायचं,
येवल्याच्या पतंगाच्या कागदाहून पातळ
असं काहीतरी सुटून येतं.
मग पाण्याचा थेंब, सॅफ्रानिनचा थेंब
(माझी बोटं चार दिवस लाल)
आणि वरून काच, तिरकी, सुईच्या टोकावर तोललेली,
हळू, झोपलेल्या पोरावर चादर टाकतात तशी.
घाई केली की हवा शिरते.

सूक्ष्मदर्शक दोन. एकाचा आरसा तडकलेला.
नववी ब ची मुलं सत्तावन्न.
डिसेंबरात आमच्या खिडकीत ऊन येतं
दहा वाजून गेल्यावर, गोदेवरचं धुकं उठल्यावर;
तोवर सगळ्यांना पेशी काळीच दिसते.

दिसलं, दिसलं! दर वर्षी कुणीतरी ओरडतं,
गोल गरगरीत, जाड काळी कड, आत चकचकीत.
सर न बघताच म्हणतात, बुडबुडा.
तरी त्याचंच चित्र निघतं वहीत, फार प्रेमानं,
बाण काढून, नावं देऊन.
हवेला केंद्रक देणारी मुलं मी पाहिली आहेत.

पेशी एवढी नटवी नसते.
नुसतं विटांचं बांधकाम, लांबट विटा,
गुलाबी दरजा भरलेल्या,
एकीला खेटून दुसरी.
आणि प्रत्येकीत एक ठिपका.

मंजुळा कडाळे, गाव पेठकडचं, राहते वसतिगृहात,
डोळा लावून इतका वेळ उभी राहिली
की मागची रांग कुरकुरली.
मग म्हणाली, सर, ठिपका कडेला आहे.
सगळ्यांचाच कडेला आहे.
मग त्याला केंद्रक का म्हणायचं?

वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले.
पुस्तकात आहे तसं काढ, मधोमध,
अर्धा गुण त्याचाच असतो.
तिनं शेजारणीकडे खोडरबर मागितला.
वापरला नाही.

शाळा सुटल्यावर काचा धुवायच्या आधी
एक मी मागे ठेवली. स्टुलावर बसलो.
बावीस वर्षं मी फक्त फोकस लावून बाजूला झालोय.

खरंच की.
भिंतीला चिकटून, चपटासा, पाहुण्यांच्या गर्दीत
घरमालक बसावा तसा.
मधली सगळी जागा पाण्यानं घेतलेली.
रिक्तिका. हा शब्द फळ्यावरून मीच पुसतो दर वेळी,
आणि नावात रितेपण असून ती भरलेली असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पाणी आहे तोवर कांदा ताठ,
पाणी गेलं की लुळा.
आणि पेशीनं काय करायचं, दोन कधी व्हायचं,
ते ठरतं त्या कडेच्या ठिपक्यातून,
असं सर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून तिला सांगितलं,
मधे पाणी असतं गं, त्यानं ढकललंय त्याला.
काका, म्हणाली, माहितेय. मी तसंच काढलंय.

प्रात्यक्षिक चार मनुकांचं.
रात्री चाळीस भिजत घातल्या, सकाळी फुगून टरटरीत,
मोजल्या तर एकतीस.
फुगल्या त्याला सर परासरण म्हणाले.
नऊंचं कुणी काही बोललं नाही.

उरलेला अर्धा कांदा संध्याकाळी घरी नेतो.
बायको पिठल्यासाठी चिरते, डोळे दंडाला पुसत.
विळीच्या पात्याला चिकटलेला पापुद्रा
मी बोटावर घेतो, ट्यूबलाइटसमोर धरतो.
काय बघताय, ती विचारते.
काही दिसत नाही, मी म्हणतो,
आणि तसाच धरून ठेवतो.