ओदोत्तामात्तोमास्ती

बूट दाराबाहेर काढायचे, ही इथली रीत.
लोकरी मोज्यांनी येतात सगळे
विद्यापीठाच्या तळघरातल्या खोलीत,
जिच्या भिंती आवाज गिळतात.
मी हेडफोन देते, दोन बटणं दाखवते.
हिरवं : असा शब्द आपल्या फिनिशमध्ये आहे.
करडं : नाही.
बाहेर ओउलूत जानेवारी,
साडेदहाला उजाडलेलं
अडीचला आवरतं घेणार.

तालोस्सानिकिन.
तालो, घर. मग स्सा, म्हणजे घरात.
मग नि, माझ्या.
मग किन, सुद्धा.

हिल्पा केत्तुनेननं चाळीस वर्षं स्टेशनवर घोषणा केल्या.
शेवटचा न विरेपर्यंत तिचं बोट हलत नाही,
विरल्यावरही थांबते,
फलाट रिकामा होऊ दे म्हणून असेल.
लाकडाचे ट्रक हाकणारा यार्मो मात्र
तालो ऐकताच हिरवं दाबून मोकळा,
मागे मी खोटं शेपूट जोडलेलं असलं तरी.
अर्ध्या हळकुंडाने पिवळा, आणि वर हसतो :
"घर ओळखलं ना? दार कुठलं का असेना!"
सतरा वर्षांची सागा
शब्द अख्खा टाकते तोंडात, लिंगनबेरीसारखा.
त्याला तुकडे असतात हे तिला मी सांगितल्यावर कळलं,
आणि फारसं पटलं नाही.

थुई हायफाँगहून आली, रात्री इस्पितळाच्या फरशा पुसते.
तिनं ही भाषा सुटी सुटी विकत घेतलीय,
प्रत्येक जोडाची किंमत तिला पाठ आहे.
कपडा उलटा करून शिवण बघावी
तशी ऐकते.
सगळ्यांत सावकाश. चूक एकही नाही.

आलेखात हे चार ठिपके.
सरासरीची रेघ मधून निघते
आणि कुणालाच शिवत नाही.

आईला मी यादीत घेतलेलं नाही.
ऑक्टोबरात तिच्या मेंदूत गुठळी झाली,
तेव्हापासून लांब शब्दांचा शेवट
तिच्यापर्यंत पोचत नाही.
रविवारी सांगायला गेले :
एइनो मामा गेला, ओदोत्तामात्तोमास्ती.
ध्यानीमनी नसताना.

ओदोत्ता, वाट पाहणं.
ती पुसून टाकणारं मात्तो नंतर येतं,
पाव सेकंदानं.
एवढ्या वेळात यार्मोची दोन बटणं दाबून होतात.

आई उठली. भिंतीला धरून
फडताळापर्यंत गेली,
तिसरा कप काढला, निळ्या काठाचा.
"निघालाय म्हणतेस. आणि वाट बघतोय. कुठे?"

मी पुन्हा म्हणाले, तोडून तोडून,
तळघरात म्हणते तसं. ओदोत्ता. मात्तोमा. स्ती.
तिनं मान डोलावली,
वेलदोड्याचा पाव कापला,
खिडकीची काच बाहीनं पुसली.
"बर्फ आहे रस्त्यात," म्हणाली,
"उशीर होईल त्याला."