कसर

औशाच्या तहसिलीत, मागच्या खोलीत
मी मोडी वाचायला बसतो. रोजंदारीवर.
बाहेर रांग. प्रत्येकाला आपला खापरपणजा हवा,
त्याच्या नावापुढची जात हवी, शिक्क्यासकट.

ही बाई मात्र माझ्याकडे कुणी मागितलेली नाही.

फसली बाराशे चौपन्न. बारीक, घाईचं अक्षर:
‘सराई कसबे औसा. भटियारीण चांदब…
चुली दोन, बाजा आठ, रांजण येक.
दिवाबत्तीचे तेल माफ.’

चांदबी म्हणावं की चांदबाई?
‘ब’च्या पुढचं कसरीनं खाल्लंय,
टाचणीच्या डोक्याएवढं भोक;
त्यातून खालच्या पानावरची
कुणाची तरी बैलजोडी दिसते.

नाकाला रुमाल बांधून दप्तराचे तीन रुमाल सोडले.
चौथ्यात पुन्हा भेटली, एका मयताच्या यादीत:
‘मुसाफर सांजचा आला. अंगी ताप. तिसरे रोजी मयत.
तट्टू लंगडे येक, घोंगडी, तांब्या,
हाली रुपये साडेअकरा, चावडीत जमा केले.
नाव विचारले नाही.’
खाली निशाणी बांगडी.
गोल पुरता मिटलेला नाही. हात मध्येच उचलला असेल,
चुलीवर काहीतरी उतू जात असेल.
(हे माझं. कागदात नाही.)

बाराशे सत्तावन्न: ‘सराई पडीत.’
मेली, की हैदराबादच्या वाटेला लागली,
की तट्टाचा कुणी वारस आला आणि भांडला?
पुढची सात सालं दप्तरातच नाहीत.
म्हणे जळाली, म्हणे पावसात भिजली,
म्हणे एका कारकुनानं त्यात तंबाखू बांधली.
तिन्ही गोष्टी एकाच शिपायानं सांगितल्या,
एकाच चहावर.

दुपारी किल्ल्याच्या अंगाला जाऊन आलो.
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला,
‘सराई? न्हाई बा. हितं आदीपासून टायरचंच हाय,
माज्या चुलत्याचं.’
बुडबुडे येईपर्यंत दोघंही पाण्याकडे बघत राहिलो.

संध्याकाळी तक्ता भरला.
तपासलेली पानं एकशे बारा.
आढळलेल्या नोंदी: निरंक.
शेरा लिहायला शेवटी बोटभर रकाना असतो.
तिथे पेन टेकवलं. ‘चांदब’ लिहिलं,
पुढे काना द्यावा की वेलांटी, ठरेना,
हात उचलला.
शिपाई दारात किल्ल्या वाजवत होता.