चमचे

प्रत्येक रॉडच्या टोपीखाली बोटभर लांबीचा एक चमचा.
फिरता फिरता तो पन्हळीत बुडायचा
आणि तेल उडेल तिकडं उडायचं.
चार सिलिंडर, चार चमचे,
एकोणीसशे एकोणतीसपासून हाच कारभार.
नेम कुणाचाच नाही.

"पण पोचत हुतं की," शिकलगार म्हणतात.
पोचत होतं.
फलटणपर्यंत, चाळीसच्या वेगानं,
मागं पेंडीची पोती घालून, पोचत होतं.
मला यवतेश्वरचा घाट चढायचाय,
बॉडी नाही, मडगार्ड नाही, नुसत्या सांगाड्यावर बसून,
दुसऱ्या गिअरमध्ये, पाय न उचलता.

म्हणून क्रँकशाफ्ट बाभळीच्या दोन ठोकळ्यांवर आडवा पडलाय
आणि त्याच्या अंगातून तिरपी वाट काढायची आहे,
मेन बेअरिंगपासून रॉडपर्यंत,
पेन्सिलीहून बारीक.
पहिला ड्रिल आतच मोडला.
शिकलगार काही बोलले नाहीत,
चहा सांगितला. दोन, एक बिनसाखरेचा.
तो तुकडा निघायला अडीच दिवस गेले.

मग जुनं व्हाइट मेटल खरवडलं.
एका चकतीच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेलं होतं:
१४-२-५८, रा.
रा म्हणजे रसूल.
म्हणजे त्यांचे वडील, ह्याच शेडमध्ये, ह्याच भात्यावर.
त्यांनी चकती फडक्यानं पुसली,
शर्टाच्या खिशात टाकली
आणि म्हणाले, नवीन शेल बसवून बघ, वैजू,
कडा घासत असली तर सांग.

ट्रॅक्टरचा फिल्टर, तांब्याची नळी,
पंपाचे गिअर दुप्पट रुंद.
दाब जास्त झाला तर वाट देणारी स्प्रिंग
तीनदा कापली, तीनदा चुकली.
लोखंडाचा एक कीस आत राहिला
तर सगळं पाण्यात,
म्हणून भाचीच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश पळवला
आणि रॉकेलनं भोकं धूत बसले,
पांढऱ्या फडक्यावर काही उमटेनासं होईपर्यंत.

चमचे ग्राइंडरवर उडवले.
शिकलगार हसले.
"चमचं काढलं की कारभार सरळ हुतो.
नगरपालिकेत बी सांगून ये."

इंजिन लागलं. काटा चाळीसवर.
समर्थ मंदिर मागं पडलं,
रस्ता चढायला लागला,
आणि पहिल्याच डाव्या वळणावर
काटा शून्यावर.

एक क्षणच.
पण मी पाय उचलला, गाडी कडेला घेतली,
खाली सगळं सातारा सकाळच्या धुरात,
आणि माझे कान इंजिनाच्या पोटाला लागलेले:
वाजलं का? वाजलं का?
नाही वाजलं.

तेल वळणावर एका बाजूला पळालं होतं.
पंपाच्या तोंडाशी नुसती हवा.
शिकलगार म्हणाले,
"दाब दिलास गं. वळण लावायचं ऱ्हायलं."

पुन्हा पॅन खाली.
बेकरीतून आणलेला पावाचा काळा ट्रे कापला,
आतून आडोसे केले,
त्यांना बिजागरीची दारं,
तेल आत येईल, बाहेर पळणार नाही अशी.
एका दाराला अजून कणकेचा वास होता.
की मला तसं वाटलं.

आज ते शेजारी बसलेत.
सीट नाही, गोणपाट आहे.
दरीकडं बघत नाहीत, रस्त्याकडं नाही,
मांडीवर हात आणि डोळे काट्यावर.
मोठ्यानं वाचतात, शाळेत पाढे म्हणावेत तसे:
अडतीस.
चाळीस.
डावं वळण येतंय. मी पाय तसाच ठेवते.
खिशातली चकती शर्टाला ओढ देतेय.
छत्तीस,
ते म्हणतात.
छत्तीस.
छत्तीसच हाय, बघू नको, चालव.