सतरा नंबरचा पाना

शनिवार. अंबडला सुट्टी.
पाथर्डी फाट्यापर्यंत एक फेरी मारून आणली गाडी.
तेल कोमट झालं की पातळ होतं,
मग येतं निमूट.

मागच्या चाकांना विटा. जॅक. शिवाय दोन घोड्या,
नुसत्या जॅकवर विश्वास नको.
द्राक्षांचं रिकामं क्रेट, त्यावर पाने, चिंध्या, नवा फिल्टर.
वाघचौरे काका गॅलरीतून :
"अगं, गॅरेजवाला तीनशे घेतो फक्त."
मी दिवसभर सीएनसीवर मायक्रॉन मोजते, काका.
हे मी म्हणत नाही. पाठीवर सरकत आत जाते.

बोल्ट हलेना.

गाडी ही खैरनार सरांची, ओझरहून घेतलेली.
दाराच्या कडेला त्यांच्या अक्षरातला कागद :
'पुढची बदली ४८,२००'
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
पेट्रोलच्या पावत्याही दिल्या होत्या त्यांनी,
रबर लावून, वर्षावार.
अशी माणसं बोल्ट असाच आवळतात,
आपल्यानंतर कोणी येईल
हे मनातही न आणता.

खाली झोपलं की डावं-उजवं उलटतं.
घड्याळाच्या उलट, आबा म्हणायचे,
घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतं.
बोल्टापुरतं खरं आहे ते.

पान्याला पाइप जोडला.
एकदम कट्.
आणि तेल मनगटावरून थेट बाहीत, कोपरापर्यंत.
काळं. काकवी जळल्यासारखं.
यात सरांचे किलोमीटर किती, माझे किती,
मोहदरीचा घाट कितीदा,
आणि ती रात्री दोनची सिव्हिलपर्यंतची धाव, तिसऱ्या गिअरमध्येच,
आता वेगळं काढता येत नाही काही.
धार. मग दोरा. मग थेंब.
थेंबांना मी घाई केली नाही.

नवा वॉशर. बोल्ट आवळला,
हाताला 'बास' कळलं तिथे थांबले.
नवं तेल करडईच्या तेलाइतकं नितळ,
डिपस्टिक उन्हात तिरकी धरावी तेव्हा दिसतं.

जुनं कॅनमध्ये. नाल्यात नाही :
नाला नासर्डीत, नासर्डी गोदेत,
आणि तिथे लोक डोळे मिटून बुडी मारतात.
"चौकटीला वाळवी लागलीय," काका म्हणाले,
"देशील का वाटीभर?"

सरांचा कागद काढला नाही. त्याखाली माझा लावला.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं.
सकाळी कागद कोरडा.
फक्त मांजर घमेल्यात उतरलं असणार :
चार काळी पावलं, मग चार, मग चार,
जिना चढून थेट
काकांच्या नव्या फरशीवर.