पंख्यांचे पैसे

नऊशे पौंड, डुगी म्हणाला, वर एक पेनी नाही.
डंडीच्या बस डेपोतलं कँटीन,
सॉसच्या बाटलीखाली दाबलेलं जुनं वेळापत्रक,
त्याच्या पाठीवर त्याने आकडा लिहिला होता,
खाली दोन रेघा.
मी हिशेबखात्यातली. दोन रेघांचा अर्थ मला कळतो.

त्याला काच हवी होती.
काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे,
आणि ग्राफिक्स कार्ड असं, की टेप लावून पाहिली
तर पेटीबाहेर दोन बोटं येत होतं.
नाकापेक्षा मोती जड, मी मराठीतच म्हणाले.
त्याला वाटलं, कंपनीचं नाव.
"कितीला पडेल?"

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत भांडण.
मी म्हणे, आधी पॉवर सप्लाय.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
तो म्हणे, पॉवर सप्लाय दिसतो कुणाला?
मी म्हणे, तुझ्या बसचं इंजिन दिसतं कुणाला?
प्रोसेसर आवडला तर बोर्डाचं सॉकेट जुळेना,
एक या पिढीचा, दुसरा मागच्या.
चौथं स्थळ आणलं तेव्हा कुठे तो हो म्हणाला,
तेही भूक लागली होती म्हणून.

शुक्रवारी बेरीज आली आठशे ब्याण्णव.
कोटात एक हात घालून तो थबकला.
"हे आवाज तर करणार नाही ना?"
करेल थोडा. पंखे आहेत.
"थोडा म्हणजे किती?"

ड्रॅगन मारायला निघालेल्या माणसाने
असं विचारावं, याचं मला हसू आलं.
तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला.
टे नदीवर धुकं इतकं दाट
की पूल अर्ध्यातच संपला होता.

भिंतीपलीकडे बाबा झोपतात, म्हणाला.
तागाच्या गिरणीत छत्तीस वर्षं.
आता नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र.
ते रात्रभर सुस्कारे टाकतं.
मी खेळतो एका कानाने.
दुसरा भिंतीला असतो.

त्या रात्री मी बेरीज मोडली.
काच गेली, दिवे गेले,
कार्ड एक पायरी खाली उतरलं,
ड्रॅगनचे खवले थोडे पुसट दिसतील, दिसोत.
पेटी आली जाड पत्र्याची, आतून फोम लावलेली,
आमच्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटाची धाकटी बहीण.
आणि पंखे तीन, मोठे, सावकाश फिरणारे,
ज्यांची किंमत ऐकून डुगी जे बोलला
ते मी हिशेबात धरलं नाही.
चार पौंड वर गेले. ते अजून त्याच्या नावावर आहेत.

रविवारी हिलटाउनला, तिसऱ्या मजल्यावर,
ब्रेडचे कण झटकून स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं.
पेस्ट मटारच्या दाण्याएवढी,
स्क्रू चहाच्या बशीत.
म्हातारे पेट्री खुर्ची ओढून बसले,
नळी दारातून मागे गेलेली.
दोन श्वासांच्या मध्ये म्हणाले, "केवढ्या... तारा."

मी प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या.
त्यांनी त्या बाजूला सारल्या.
खणातून सुतळीचा गुंडा काढला,
बोटं थरथरत होती, पण गाठीपाशी आली
की थरथर थांबायची.
एकेक जुडगा बांधत गेले.
अशी गाठ मी कधी पाहिली नव्हती,
टोक आत कुठे जातं तेच कळत नाही.
डुगीनेही पाहिली नव्हती,
आणि तो त्यांचा मुलगा.

बटण दाबलं.
काही नाही.
डुगी माझ्याकडे, मी बशीत उरलेल्या
एका स्क्रूकडे.
दाराआडचं यंत्र सुस्कारलं. पुन्हा सुस्कारलं.
मग मी हात पेटीच्या मागे नेला.

वारा लागत होता.