झाकण

सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत
मला कुणाच्याही गच्चीवर जाता येतं.
तसं छापलंय ओळखपत्रामागे,
कलम, पोटकलम,
आणि पोटकलमाच्या पोटात आणखी एक 'अ'.
कुलूप असेल तर दोन साक्षीदारांसमोर तोडावं.
अठ्ठावीस वर्षांत एकदाच तोडलं, घोडपदेवला.
टाकीत कबुतर होतं. बरेच दिवसांचं.

बाकी नुसती शिडी.
गंजलेली, तिसरी पायरी कायम गायब.
हातात पांढरा डाव, लांब दांड्याचा,
काखेत टॉर्च.
झाकण सरकवलं की आधी अंधाराचा वास येतो,
मग पाणी दिसतं.
अळी पाण्याला समांतर पडली असेल तर मलेरियाची,
डोकं खाली करून लोंबत असेल तर डेंग्यूची.
टाकी कुणाच्या मालकीची,
तिला घेणं नाही.

माझगावात एकविसाव्या मजल्यावर
बाई म्हणाल्या, हे कमळ बालीहून आणलंय.
म्हटलं, कमळाबद्दल तक्रार नाही.
फोनवर बोलता बोलताच दंड भरला त्यांनी.
पावती घ्यायला कुत्रा आला.

आमच्याच ऑफिसच्या गच्चीवर,
जुन्या फायलींवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात
बोटभर पाणी, त्यात वळवळ.
रीतसर नोटीस काढली:
आरोग्य खात्यातर्फे आरोग्य खात्यास.
बजावायला मी गेलो, घेतलीही मीच.
आवक नंबर पडला.
ताडपत्री आहे तिथंच आहे.

आणि फिलोमिना परेरांचं पिंप.
जिन्याखाली, निळं, वर लाकडी पाट, पाटावर वीट.
कलम म्हणतं, ओतून द्या.
मी पिंपाला हात घातला.
"ओत ना," त्या म्हणाल्या,
"पण नळ उद्या किती वाजता येणार
तेही लिही त्याच कागदावर."
येतो पहाटे चार चाळीसला. वीस मिनिटं.
जलखातं वेगळं, त्यांची इमारत वेगळी,
त्यांच्या शिक्क्याची शाई जांभळी.
नळावर माझं कलम चालत नाही.

मग त्यांनी नवऱ्याची जुनी लुंगी आणली.
दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या दातांत नि मुठीत,
कळशीकळशीनं गाळलं सगळं पिंप.
चौकड्यांवर अळ्या तडफडत होत्या.
मी मोजल्या सत्तावीस, त्यांनी एकतीस.
त्यांचाच आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात दोनच पर्याय,
'नष्ट केले' नाही तर 'नोटीस बजावली'.
मी मधल्या रेघेवर लिहिलं,
'गाळून परत ठेवले'.

साहेबांनी लाल शाईत विचारलंय,
कोणत्या कलमान्वये?
शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.
रात्री पुस्तक घेऊन बसतो, पहिल्या पानापासून.
विहीर सापडते, हौद सापडतो, तबेला, मोरी, पखाल सापडते.
चार चाळीस होतात.
लुंगी अजून कुठं सापडलेली नाही.